वायरशार्क: लॉगिन नेमकं कुठे अडतंय ते दाखवणारं साधन

विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच डोमेनवर (ऑफिसच्या सामायिक लॉगिन-व्यवस्थेवर) असले की पासवर्ड टाकल्यावर कुणाचा डेस्कटॉप लगेच उघडतो, तर कुणी अर्धा मिनिट पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो. मग सर्व्हर जुना झाला, रॅम वाढवा, अशी चर्चा सुरू होते. त्याआधी वायरशार्क लावा: ते नेटवर्कवरून जाणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पकडून वेळेसकट दाखवतं. 1998 मध्ये इथरियल नावानं आलेलं आणि 2006 पासून या नावानं चालणारं हे मोफत साधन तिन्ही सिस्टिमवर तसंच दिसतं. त्यामुळे मॅकचं कॅप्चर (पकडलेल्या पॅकेटची नोंद) विंडोजच्या कॅप्चरशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघता येतं. मिश्र ऑफिसात ही सोय अनमोल आहे.

बसवणं सोपं आहे. फक्त उबंटूवर युजरला 'वायरशार्क' ग्रुपमध्ये घालून एकदा लॉगआउट करा, नाहीतर पॅकेट पकडायची परवानगी मिळत नाही.

खरी अडचण पुढे येते. आपल्याला जे बघायचंय ते लॉगिन होतानाच घडून जातं, आणि तेव्हा त्या मशीनवर वायरशार्क सुरू करायला आत कुणी नसतं. सर्वांत चांगला उपाय म्हणजे स्विचवर (मशीनच्या केबल जिथे जोडतात त्या डब्यावर) त्या मशीनच्या पोर्टचं मिररिंग करून, म्हणजे तिथल्या रहदारीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवून, दुसऱ्या लॅपटॉपवर कॅप्चर घेणं. डोमेन कंट्रोलरवरही (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरही) घेता येतं, पण मग क्लायंटनं, म्हणजे लॉगिन करणाऱ्या मशीननं, भलत्याच डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारलेले प्रश्न दिसत नाहीत, आणि बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

कॅप्चर हातात आलं की फिल्टरमध्ये डीएनएस, केर्बेरॉस (ओळख तपासणं), एलडॅप (युजरची यादी) आणि एसएमबी-टू (फाइल शेअर) एवढंच ठेवा. वेळेचा कॉलम 'आधीच्या दिसणाऱ्या पॅकेटपासून किती सेकंद' असा करा. आता मजकूर वाचूच नका, आकडे बघा. एरवी शून्य पूर्णांक शून्य शून्य काहीतरी असलेल्या रांगेत अचानक 5.00 दिसला, की तिथे थांबा.

लिनक्सवर हा 5 बहुधा बंद पडलेल्या डीएनएस सर्व्हरचा असतो. रिझॉल्व्ह कॉन्फ या डीएनएसच्या सेटिंग फाइलमध्ये एका सर्व्हरसाठी वाट बघायची मुदत मुळातच 5 सेकंद असते, आणि एका लॉगिनमध्ये नावं अनेकदा शोधली जातात. मेलेला पत्ता काढून टाका. त्याच्या जागी राउटरचा पत्ता मात्र घालू नका: त्याला डोमेन कंट्रोलरचे एसआरव्ही रेकॉर्ड (कोणती सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या नोंदी) माहीत नसतात, तो 'असं नावच नाही' म्हणून मोकळा होतो आणि क्लायंट त्यावर विश्वास ठेवतो.

डोमेनचं नाव 'डॉट लोकल'नं संपत असेल तर 224.0.0.251 कडे जाणारे प्रश्न शोधा. तो शेवट मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरऐवजी आसपासच्या सगळ्या मशीनना नाव विचारण्यासाठी) राखीव आहे, आणि हा पत्ता त्याचाच. लिनक्सवर एनएसस्विच कॉन्फच्या (नावं कुठे आधी शोधायची ते ठरवणाऱ्या फाइलच्या) होस्ट्स ओळीत डीएनएस आधी आणून काम भागतं. मॅकसाठी डोमेनचं नाव बदलणं हाच पक्का इलाज, आणि तो मोठा आहे.

केबल लागल्यावर 30 सेकंद काहीच नाही आणि मग सगळं धडाधड सुरू, असं असेल तर स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचची लूप टाळणारी तपासणी: 15 सेकंद ऐकणं, 15 सेकंद शिकणं. कॉम्प्युटरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याची सेटिंग) चालू करा. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर कदापि नाही, तिथे लूप होऊन सगळं नेटवर्क बसेल.

केर्बेरॉसच्या 25 नंबरच्या एररनं नवखे हमखास फसतात. तो नेहमीचा आहे, सोडून द्या. 37 म्हणजे घड्याळांत नेमलेल्या मर्यादेपेक्षा, सहसा 5 मिनिटांपेक्षा, जास्त फरक, एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) बघा. 52 म्हणजे उत्तर यूडीपीत (छोट्या, सुट्या पॅकेटच्या पद्धतीत) मावलं नाही. क्लायंट आता टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर येणार, आणि फायरवॉलनं टीसीपी 88 (केर्बेरॉसचा पोर्ट) अडवला असेल तर तिथेच ताटकळणार.

वायरशार्कला मशीनच्या आतलं दिसत नाही. वायरवर शांतता आहे आणि लॉगिन तरी अडलंय, अशा वेळी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, लिनक्सवर एसएसएसडीचा (डोमेन लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेचा) लॉग आणि मॅकवर त्याच कामाच्या ओपन डिरेक्टरीचा लॉग उघडावा लागतो. एन्क्रिप्ट केलेल्या एलडॅपमधला मजकूरही वाचता येत नाही, पण वेळेच्या कॉलमला त्यानं फरक पडत नाही. कॅप्चरमध्ये युजरनेम आणि सर्व्हरची नावं उघडी असतात, म्हणून ती फाइल मदत मागताना बाहेर कुणालाही जशीच्या तशी पाठवू नका.