खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला कुठे ठेवायचं: घरी, रिहॅब सेंटरला की आपल्याकडे?

आई मिरजेत, वय ७८, मी बंगळुरूत. बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला, अर्धा सांधा बदलला आणि पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले आता घरी न्या. ज्यांच्यावर आत्ता हीच वेळ आलीय त्यांच्यासाठी लिहितेय.

आपल्याकडेच आणूया हे सगळ्यात आधी मनात येतं, मलाही तेच वाटत होतं. पण ताजं ऑपरेशन असताना तासन्‌तास बसून प्रवास म्हणजे पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती, टाके निघायला साधारण दोन आठवडे, सर्जन तिकडे, आणि आपण दिवसभर ऑफिसात म्हणजे इथेही बाई ठेवावीच लागणार, आणि आईला तिच्याशी धड बोलताही येणार नाही. पहिले दीड-दोन महिने तरी नकोच असं माझं स्पष्ट मत आहे.

रिहॅब सेंटरला रोज फिजिओ, रात्री नर्स, उंच कमोड, धरायला दांडे, सगळं तयार असतं. ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना रात्री भ्रम होतो, माणसं ओळखत नाहीत, सलाईन ओढतात, असं काही दिसत असेल किंवा घरात दुसरं कुणीच नसेल तर मी सेंटरच म्हणेन. फक्त खर्च बराच येतो आणि पॉलिसीत डिस्चार्जनंतरचं कव्हर बहुतेक वेळा औषधं-तपासण्यांपुरतंच असतं, हे आधी विचारून घ्या. आणि न सांगता जेवणाच्या वेळेला जाऊन बघून या.

आम्ही घरी २४ तासांची मावशी ठेवली. अशा बायका पाठवणाऱ्या ब्युरोला पहिला प्रश्न हा विचारा की येणारी नर्स आहे की आया, कारण फोनवर दोघींनाही सिस्टरच म्हणतात. आमच्याकडे आलेल्या पहिल्या बाईंना वॉकर कसा धरायचा तेच माहीत नव्हतं, तिसऱ्या दिवशी बदलून घेतल्या. रक्त पातळ करायची इंजेक्शनं द्यायला नर्स वेगळी येऊन जायची, आयाकडून ती कधीच देऊन घेऊ नका.

खरी परीक्षा रात्री. एकदा अडीच वाजता आई वॉकर न घेता भिंत धरत बाथरूमपर्यंत गेली, का तर "दमलीय बिचारी, कशाला उठवायचं तिला". ऐकून माझे हातपाय गार पडले. मग देवघरातली घंटा उशाशी ठेवली, कमोडची खुर्ची पलंगाला लावली, आणि शेजारच्या काकू रोज सकाळी येऊन पोटरी सुजलीय का, दुखतेय का, जखम ओली आहे का बघून मला फोन करायच्या. तुमच्याकडे अशा काकू असतील तर घरीच ठेवा, नसतील तर टाके निघेपर्यंत सेंटर आणि मग घर.

आणि डिस्चार्जच्या दिवशी फिजिओकडून मावशीला समोर उभं करून सगळं शिकवून घ्या, व्हिडिओ काढा, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही हे आईला त्यांच्याच तोंडून ऐकवा, आपलं ऐकत नाहीत.