एक्मो विभाग : पाचपैकी चार तारे

धाकटा भाऊ नऊ दिवस एक्मोवर होता. हृदय आणि फुप्फुसं, दोघांचंही काम मशीन करत होतं. इथल्या नर्सना माझ्याकडून पूर्ण गुण. दर तासाला टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, दोन्ही सारख्या आकुंचन पावतात का ते. झोपेच्या औषधांमुळे पेशंट बोलत नाही, हात हलवत नाही. मग मेंदूत काही बिघडलं तर कळणार कसं? कपाळावर मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन पट्ट्या होत्या. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा मुद्दाम उजव्या हाताला. मी विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "मेंदूला कसलं रक्त जातंय ते उजवा हात आधी सांगतो, ताई."

एक तारा कापला तो संमतीची सही घेताना झालेल्या घाईसाठी. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवतात, त्यातूनच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि गुठळी सुटली तर पक्षाघात, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. तेही एक बाहुली मोठी दिसली आणि मशीनसकट सीटी स्कॅनला न्यायची धावपळ सुरू झाली तेव्हा! स्कॅन स्वच्छ निघाला. भाऊ आता घरी आहे, नावं मात्र अजून विसरतो.