विमानाला मिसाइल द्यावं की गोळ्यांचा मारा?

"मामा, विमान तेच, वेग तोच, फक्त हत्यार बदललं. मग हे असं का उडतंय?" रविवारी सकाळी रामबागेतल्या आमच्या घरी, पोह्यांची बशी कीबोर्डाशेजारी ठेवून भाच्यानं विचारलं. 'रेड अलर्ट २' या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेमची जी 'युरीज रिव्हेंज' ही पुरवणी २००१ मध्ये आली, तिच्यासाठी तो गेमची सेटिंग बदलून स्वतःचं पहिलंच विमान बनवतोय. इंदूरच्या आणखी दोघातिघांनी मला हेच विचारलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मेख आहे प्रोजेक्टाइलच्या, म्हणजे हत्यारातून सुटणाऱ्या गोळीच्या किंवा मिसाइलच्या, आरओटीत, म्हणजे ते अस्त्र हवेत किती वळू शकतं त्या आकड्यात. तो २ किंवा जास्त असला की विमान रेंजमध्ये येतं, मिसाइल सोडतं आणि अॅमो, म्हणजे बरोबरचा दारूगोळा, संपला की तळावर परततं. गेममधलं मूळ हॅरिअर विमान असंच आहे: अॅमो १, पण बर्स्ट (एका वेळी सुटणारी अस्त्रं) २, म्हणून एका फेरीत दोन मिसाइलं. हिशोब सरळ असतो.

आरओटी १ किंवा त्याखाली आणला, की विमान लक्ष्याच्या डोक्यावरून जात एका झेपेत पाचदा मारा करतं. अॅमो मात्र अख्ख्या झेपेला एकच लागतो. भाचा इथंच फसला. डॅमेज, म्हणजे एका माऱ्याचं नुकसान, ५० तसाच राहिला होता, आणि एका अॅमोत नुकसान २५० पर्यंत जाऊ लागलं. शिवाय विमान शत्रूच्या फ्लॅक तोफांवरूनच जातं, त्यामुळे स्ट्रेंग्थ (मार सोसायची ताकद) वाढवल्याशिवाय ते टिकत नाही. दिसायला मात्र हा मारा फारच देखणा, आणि मला मनापासून आवडतो तो हाच.

मशिनगनसाठी बरेच जण गोळी अदृश्य करतात, म्हणजे इन्व्हिसो चालू. तसं केलं तर आरओटी शून्य असूनही झेप मिळत नाही. गोळी दिसणारीच ठेवा.

पहिलंच विमान असेल तर मिसाइल घ्या. काही बिघडलं तर चूक लगेच सापडते. ताफ्यात आधीच एखादं मिसाइलवालं विमान असेल, तर दुसऱ्याला झेपेचा मारा द्या, डॅमेज पाचानं भागून.

आणि काहीही बदलण्याआधी प्रोजेक्टाइलची नोंद नव्या नावानं उतरवून घ्या आणि बदल त्या नव्या नोंदीतच करा. नाहीतर, तेच प्रोजेक्टाइल दुसरं एखादं हत्यारही वापरत असेल, तर इकडे विमानासाठी आरओटी घटवाल आणि तिकडे जमिनीवरच्या गाडीची मिसाइलं वळायची थांबतील.