गिरणी चालूच आहे, दाढा मात्र शाबूत: नाइट गार्डचे ८ महिने

वरणभात खाताना माझ्या उजव्या दाढेचा टवका उडाला. चकली नाही, चिक्की नाही, वरणभात. मला वाटलं डाळीत खडा आला. डाळ निवडणाऱ्या सासूबाईंकडे मी जरा रोखून बघितलंसुद्धा. खडा तळहातावर घेऊन पाहिला तर तो माझाच दात निघाला.

आमचे हे वर्षभर सांगत होते, "रात्री तुझी गिरणी चालू असते. आज ज्वारी होती की गहू?" त्यावर मी त्यांच्या घोरण्याचा विषय काढायचे आणि दोघंही गप्प बसायचो. सासूबाईंचं निदान तिसरंच: "झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत झाले असणार गं." त्यांनी आणवलेली जंताची गोळी अजून फ्रिजवर पडून आहे. मी ५२ वर्षांची आहे.

मला ११ वर्षांपासून रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, घरच्या भाषेत वात. दर रविवारी मेथोट्रेक्सेट हे वाताचं औषध, हाडांसाठी वेगळी गोळी, आणि उठल्यावर तासभर बोटं कुणा दुसऱ्याचीच असल्यासारखी. त्यामुळे सकाळी जबडा आखडला, कानशिलं ठणकली तरी मी ते वाताच्याच खात्यावर टाकायचे. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की जे हलतं तो जबड्याचा सांधा, आणि वात तिथंही शिरू शकतो. पण रात्रभर दात खाल्ले तरी जबडा सकाळीच दुखतो. दोन चोर एकाच वेळी घरात शिरले तर पकडायचं कुणाला? टवका उडाला तेव्हा दुसरा सापडला.

आधी गेले त्या दवाखान्यात "टेन्शन कमी घ्या" असं सांगून चार कॅपांचा खर्च कागदावर लिहून दिला. तो खर्च बघूनच टेन्शन आलं. कॅप बसवल्या आणि दात खाणं तसंच राहिलं, तर मी त्या कॅपसुद्धा दळणार, एवढं मला अकाउंट्सचं काम करणाऱ्या बाईलाही कळत होतं. तिथून उठले.

मग शहाणपण केलं. ऑनलाइन ६५० रुपयांचा नाइट गार्ड मागवला, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर. हा गरम पाण्यात मऊ करून चावायचा होता. पाण्यात टाका, तोंडात घाला, घट्ट चावा, बोटांनी दातांवर दाबा. वाचायला किती सोपं! घट्ट चावायला जबडा नको म्हणतो, दाबायला बोटं नको म्हणतात. गार्ड वाकडा बसला. रात्री तो मी झोपेतच काढून टाकायची, सकाळी उशीखाली सापडायचा. शिवाय तो रबरासारखा मऊ. तोंडात असला की माझा जबडा चघळायला काहीतरी मिळाल्यासारखा जास्तच कामाला लागायचा. सगळ्यांना असं होत नाही, मला झालं. सहाव्या आठवड्यात उजव्या बाजूला आरपार भोक पडलं. ज्यांचे हात धड आहेत आणि ज्यांना चार दिवस तात्पुरती सोय हवी आहे, त्यांनी घ्यावा. मी पाचपैकी एक देते, तोही त्यानं माझी खरी ताकद दाखवून दिली म्हणून.

आताचा गार्ड पुण्यात नळ स्टॉपजवळच्या एका दवाखान्यात बनवून घेतला. टणक अ‍ॅक्रिलिकचा, वरच्या दातांवर बसणारा, साधारण २ मिलिमीटर जाडीचा. तपासणी, माप, गार्ड आणि नंतर घासून बसवणं मिळून ४,८०० रुपये. माझ्या मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, सगळे खिशातून.

डॉक्टरबाईंनी तोंड बघायच्या आधी औषधांची यादी मागितली, आणि ती खरंच वाचली. हाडांच्या गोळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, कधी दाढ काढायची वेळ आली तर कुठल्याही डेंटिस्टला ही गोळी आधी सांगायची." या गोळ्यांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला क्वचित त्रास होतो. ११ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग मनासाठी म्हणून चालू असलेल्या एका गोळीभोवती त्यांनी गोल केला. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी झोपेत दात खाणं वाढतं. "पण तुमची तुम्ही बंद करायची नाही हं, ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा." विचारलं. त्यांनी डोस थोडा बदलला. गिरणीचा आवाज जरा उतरला, असं ह्यांचं म्हणणं. झोपलेल्या माणसाच्या साक्षीवर कितपत विश्वास ठेवायचा, ते सोडा.

वेळ मी साडेअकराचीच मागते. त्याआधी माझे सांधे ऑफिस उघडत नाहीत. आनंदनगरला मेट्रोत बसलं की दोन स्टेशनांवर नळ स्टॉप, दोन्हीकडे लिफ्ट. दवाखान्याला मात्र लिफ्ट नाही, पहिला मजला, १७ पायऱ्या. मी मोजल्यात. गुडघा धरलेल्या दिवशी त्या सत्तर होतात. सांगितल्यावर डॉक्टरबाई ओशाळल्या, पण ओशाळून पायऱ्या कमी होत नाहीत. अर्धा तारा तिथंच गेला.

माप घेताना पिठल्यासारखा गुलाबी लगदा तोंडात भरतात, तो दोनेक मिनिटांत घट्ट होतो. मला भीती त्याची नव्हती, आ वासून बसण्याची होती. त्यांनी ठरवून दिलं: डावा हात वर केला की काम बंद, तोंड मिटायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. एका बैठकीत मी सहा वेळा हात वर केला. एकदाही "झालंच, अजून थोडं" ऐकलं नाही. ज्यांना जुनं दुखणं आहे त्यांना या एका गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

आठ दिवसांनी गार्ड आला. निळा कागद दातांत धरून कच-कच चावायला लावलं, जिथं निळं उमटलं तिथं घासलं, पुन्हा चावा, पुन्हा घासलं. पाऊण तास गेला. यात घाई करणारा डेंटिस्ट असेल तर पैसे वाया समजा. एकाच ठिकाणी टेकणारा गार्ड जबड्याला आणखी दुखवतो.

पहिल्या आठवड्यात लाळ गळते, उशीला टॉवेल लावा. बोलताना सगळे 'स' पसरतात. "सासूबाई" म्हणायच्या फंदात पडू नका.

आता खरी अडचण. बसायला गार्ड उत्तम, इतका की सकाळी निघेना. दोन्ही बाजूंच्या दाढांत नखं अडकवून खाली ओढायचं असतं, आणि सकाळी सहाला माझ्या बोटांत तेवढी पकड नसते. दोन दिवस ह्यांनी काढून दिला. तीस वर्षांच्या संसारात हेही बघायचं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी मी तडक दवाखाना गाठला. त्यांनी आतून पकड जरा सैल केली आणि दोन्ही कडांना नखाऐवजी बोटाचं पेर अडकेल अशी छोटी खाच केली. त्याचे पैसे घेतले नाहीत. हात दुखणाऱ्यांनी हे माप देतानाच सांगावं. दुसरी गोष्ट कडांची: मेथोट्रेक्सेटमुळे मला अधूनमधून तोंड येतं, आणि त्या फोडावर गार्डची कड घासली तर ब्रह्मांड आठवतं. कड गोल करून घेतली. तरीही तोंड फारच आलं असेल तर त्या रात्री गार्डला सुट्टी, डॉक्टरांना विचारूनच.

सोबत मिळालेली डबी निकामी. तिचा खटका उघडायला अंगठ्यात जोर लागतो. मी तुळशीबागेतून ३० रुपयांची भोकांची साबणाची डबी आणली. हवा लागते, वास येत नाही. धुवायला मऊ ब्रश, साधा साबण आणि गार पाणी. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, गरम पाण्यानं वाकतो. बाथरूममध्ये सासूबाईंच्या कवळीशेजारी माझी डबी असते. त्यांना फार आनंद झालाय.

एक मात्र समजून घ्या: गार्डनं दात खाणं थांबत नाही. मार तो खातो, दात वाचतात, एवढाच व्यवहार. कानशिलांचा ठणका आठवड्यातून पाच दिवस असायचा, तो आता एखाददुसरा दिवस. दिवसाचं दात आवळणं माझं मलाच बघावं लागतं. 'ओठ मिटलेले, दात सुटे' हे डॉक्टरबाईंनी शिकवलं. विसरू नये म्हणून ऑफिसच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात लाल टिकली लावली आहे. ती दिसली की जबडा सोडायचा. जीएसटीच्या २० तारखेला दोन टिकल्या लागतात. रात्री तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी गालाला लावते. रबराची गरम पाण्याची पिशवी माझ्या मनगटांना जड होते.

सहा महिन्यांच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी गार्ड खिडकीशी धरला. उजव्या बाजूला बारीक चरे, एकावर एक, नांगरल्यासारखे. "हे सगळं दाढेवर झालं असतं," त्या म्हणाल्या. टवका उडालेल्या दाढेला साधं फिलिंग पुरलं. चार कॅपा राहिल्या त्या कागदावरच.

पाचपैकी चार. पाचवा पायऱ्यांनी आणि डबीच्या खटक्यानं मिळून घालवला.

आणि प्रवासात गार्ड रुमालात गुंडाळून ठेवू नका. साताऱ्याहून परतल्यावर माझा रुमाल मावशींनी धुण्यात टाकला. मशीन गार पाण्यावर लावलेलं होतं म्हणून वाचला. त्या रात्री तोंडाला निरम्याचा वास येत होता, ह्यांनी कूस बदलली.