पियानोचे हॅमर टोचायचं तीन सुयांचं हत्यार: स्वस्त आहे, पण हात आवरा

पियानो पत्र्यासारखा वाजायला लागला की दोष बहुतेकदा तारांचा नसतो. तारेवर आपटणाऱ्या लाकडी हातोडीवरचं, म्हणजे हॅमरचं, फेल्ट (दाबलेली लोकर) आपटून आपटून कडक झालेलं असतं, वर तारांच्या खाचा पडलेल्या असतात. लाकडी मुठीचं हे साधं हत्यार त्यावर पुरेसं आहे. आधी ट्यूनिंग मात्र करून घ्या. बेसूर तारांचं खापर उगाच हॅमरवर फुटतं.

सुरुवात खाचांपासून. १५० नंबरच्या सँडपेपरची पट्टी पातळ फळीवर चिकटवून हॅमरच्या खांद्याकडून, म्हणजे बाजूच्या उतारावरून, टोकाकडे घासा. टोकावरून सपाट घासलं की हॅमर चपटा झालाच. वरच्या सप्तकात फेल्ट पातळ, दोन-तीन हात खूप झाले.

मग कडक फेल्ट मऊ करायला सुया. तार लागते ती जागा घड्याळातले १२ धरली, तर टोचायचं १० आणि २ च्या आसपास, रोख आतल्या लाकडाकडे. हॅमरला खालून आधार हवाच, नाहीतर दांडी मोडते. दोन्ही बाजूंना तीन-तीन टोचे, की लगेच वाजवून ऐका. थेट १२ वर खोल टोचलं तर आवाज मऊ होतो, पण त्यातला जीवही जातो, आणि तो परत आणणं फार कठीण.

हत्याराची खोट एकच: सुया धरणारा स्क्रू सैल होतो, सुया आत सरकतात आणि टोचे उथळ पडतात. दर सात-आठ हॅमरनंतर तो आवळा. सुया ६-७ मिमीच बाहेर ठेवा. त्याहून लांब ठेवल्या तर कडक फेल्टमध्ये तुटतात. बदली म्हणून शिवणाच्या जाडसर सुया चालतात.