घरपोच डीएनए चाचणी: आमवाताच्या पानावर काय आहे आणि काय नाही

५ पैकी २ तारे. ते दोन्ही कुरिअरवाल्याच्या वेळेवर येण्याला आणि डब्याच्या बांधणीला.

मला आमवात, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात, होऊन नऊ वर्षं झाली. आईलाही होता. तिची बोटं करंगळीकडे कलली होती, पाण्याचा पेलासुद्धा दोन तळव्यांत धरून प्यायची. माझं पोळीभाजीचं काम. पहाटे कणीक मळायला घ्यायच्या आधी अर्धा तास हात कोमट पाण्यात धरते, तेव्हा कुठे मूठ वळते. लेक २३ वर्षांची आहे. तिलाही होईल का, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. म्हणून तिची आणि माझ्या धाकट्या भावाची, अशा दोन चाचण्या मागवल्या. एकेक साडेसहा हजारांना.

नळीत लाळ रेषेपर्यंत भरायची असते. वरचा फेस मोजायचा नसतो, हे सूचनेत अगदी बारीक अक्षरांत होतं. भावाचा नमुना कमी भरला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. अहवाल यायला पाच आठवडे गेले.

आमवाताला एकच पान. मामा-भाची दोघांनाही ‘सरासरीपेक्षा किंचित जास्त’. खाली हिरव्या चौकटीत ‘पीटीपीएन२२ : दोष आढळला नाही’. पीटीपीएन२२ हे एका जनुकाचं नाव. लेक म्हणाली, “आई, हिरवं आहे गं!” मलाही हायसं वाटलं.

महिन्याच्या तपासणीला गेले तेव्हा अहवाल माझ्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडमना दाखवला. त्यांनी आधी त्या हिरव्या चौकटीवर बोट ठेवलं. पीटीपीएन२२ मधला तो बदल युरोपीय लोकांत बऱ्यापैकी सापडतो, आपल्याकडे मुळातच विरळा. तो नाही म्हणजे धोका नाही, असं होत नाही. आनुवंशिक धोक्यातला सगळ्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा, आणि ते गुणसूत्र बाईला वेगळं, पुरुषाला वेगळं असं नसतं. म्हणून तर कागदावर दोघं सारखे दिसले.

पण आमवात बायकांना पुरुषांच्या दोन ते तीन पट होतो. का? मॅडमनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. बाईला एक्स गुणसूत्रं दोन. प्रत्येक पेशीत त्यातलं एक गप्प केलेलं असतं, पण पुरतं गप्प होत नाही. रोगप्रतिकाराची बरीच जनुकं याच एक्सवर आहेत. टीएलआर७ त्यातलंच, काही पेशींत ते दोन्ही एक्सवरून चालू राहतं. आमवातात याचा वाटा नेमका किती, यावर अजून संशोधन चालू आहे. जनुकांच्या कितीतरी मोठ्या अभ्यासांत एक्स गुणसूत्र बाजूलाच ठेवलं गेलं, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. शिवाय हार्मोन्स आणि बाळंतपण. गरोदरपणी अनेकींचं दुखणं उतरतं आणि नंतर उसळतं. माझ्या आईचे सांधे भावाच्या जन्मानंतर तिसऱ्या महिन्यात धरले होते.

फॉर्मवर स्त्री की पुरुष हे विचारलं होतं, पण निकालात त्याचा मागमूस नाही. आई-आजीला आजार आहे का, हे तर विचारलंच नाही. सख्ख्या नात्यात आमवात असला की धोका साधारण तिप्पट धरतात. पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली घरोघर पाहणी झाली, तेव्हा हजारात पाचएक जणांना आमवात आढळला होता. म्हणजे तिप्पट झालं तरी बहुतेकींना होतच नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला, तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास. हे ऐकल्यावर लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. साडेसहा हजारांच्या कागदाने हे सांगायला हवं होतं.

भावाचं वेगळंच. तो दिवसाला दहा सिगारेटी ओढतो. डीआरबी१ चा धोका असलेल्याने सिगारेट ओढली तर आमवाताची शक्यता कितीतरी वाढते, पुरुष असला तरी. अहवालात तंबाखूचा शब्द नाही. “हा बायकांचा आजार” म्हणत तो निवांत होता. परवा मॅडमसमोर पहिल्यांदा गप्प बसला.

कंपनीला मी सगळं लिहून कळवलं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच उत्तर आलं.

घरात आमवात असेल तर आधी संधिवाततज्ज्ञांकडे जा. मॅडमनी आठशे रुपयांत पंचवीस मिनिटं दिली. लेकीला आत्ता काही त्रास नाही, म्हणून एकही रक्ततपासणी लिहून दिली नाही. सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडली, किंवा बोटांच्या पेरांना सूज येऊन ती काही आठवडे टिकली, तर मात्र लगेच यायचं. लेकीने ते फोनमध्ये टिपून घेतलंय.