कंकण आणि कडं : एकाच मनगटावरचे दोन शब्द

सांगली-साताऱ्याकडे लग्नाच्या हळदीत मनगटाला हळकुंड बांधतात, त्याला कंकण म्हणतात. पैलवानाच्या हातात असतं ते कडं. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले, पण वाटा निराळ्या.

कडं म्हणजे मुळातलं ‘कटक’. दोन स्वरांमधला ट प्राकृतात मऊ होऊन ड होतो. ‘घोटक’चा घोडा झाला, ‘घट’चा घडा झाला, तसंच हे. संस्कृतात कटक म्हणजे कंकण, डोंगराची बाजू आणि राजाची छावणीसुद्धा. ओडिशातल्या कटक शहराचं नाव या छावणीवरून पडलं. मराठीत मात्र कडं म्हटलं की मुख्यतः धातूचं वळंच डोळ्यांपुढे येतं.

‘कंकण’चं तसं झालं नाही. बोलीत त्याचं काकण झालं आणि ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण घरोघरी गेली. ग्रांथिक रूपही टिकलं, कारण कंकण म्हणजे नुसता दागिना नव्हे, तर मनगटाला बांधायचा मंगल दोराही. सांगलीच्या बाजारातल्या हळदीचं हळकुंड सुतात ओवून नवरानवरीला बांधतात, लग्नानंतर ते सोडायचा वेगळा विधी असतो. निश्चय करणाऱ्याला ‘कंकण बांधलं’ म्हणतात ते या बांधण्यामुळेच. २६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहणही कंकणाकृतीच. त्याला ‘कड्यासारखं’ कुणी म्हटलं नाही.

मला विचाराल तर अर्थाच्या श्रीमंतीत कंकण पुढे. पण रोजच्या बोलण्यात, सराफाच्या दुकानात मुलासाठी चांदीचं मागताना, तोंडात येतं ते कडंच.